डीएसएलआर घेऊ का ओ, सर?

(पोस्ट लांब झालीय. पण ज्यांच्या घरात सध्या कॅमेरा घ्यायची चर्चा चालू आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा. पैसे वाचतील.)

दसरा होऊन आठवडा झाला असेल. रविवारी सकाळी साडेसातला दारात एक पोरगा आणि त्याची आई. पोरगा ओळखीचा. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, त्याचे मोबाईलवरचे फोटो मी दोन-चार वेळा आपल्या पेजवर वापरलेत. आई पहिल्यांदाच आल्या होत्या. कुंभारीच्या विडी घरकुलातून दोन रिक्षा बदलून.

पोराच्या हातात एका दुकानाचं कोटेशन होतं. नवा कोरा डीएसएलआर, दोन लेन्स, कार्ड, बॅग, वर ट्रायपॉड फुकट. एकूण ५५ हजार.

"घेऊ का ओ, सर? लग्नाचं काम करतो, पेपरला पण फोटो देतो."

मी काही बोलायच्या आत आई म्हणाल्या, "सर, तुम्ही पेपरवाले. तुम्ही हो म्हणला तर बचत गटातनं उचलते. आठ-नऊ महिन्याच्या विड्या हायत ह्या. पैसे फिटतेत का, तेवढं सांगा."

सोलापूरकरांना विडीचा हिशोब सांगायला नको. पानं भिजवायची, कापायची, तंबाखू भरायची, वळायची, दोऱ्यानं बांधायची. कारखान्यात माल द्यायला गेलं की त्यातल्या काही बाद निघायच्या. त्या बाईंनी ५५ हजाराचा आकडा रुपयात नाही, महिन्यात मोजला. आणि उत्तर माझ्याकडून हवं होतं.

खरं सांगतो, मला तेव्हा उत्तर आलं नाही. मी म्हटलं, "अक्का, चहा घ्या. आठ दिवस द्या मला."

गेली पंचवीस वर्षं या धंद्यात आहे. कॅमेरा घ्यावा का हे मला दर महिन्याला कुणीतरी विचारतंच. मी आपलं ठोकून द्यायचो, "अमुक मॉडेल घे, तमुक घेऊ नकोस." पण विचारणाऱ्याच्या मागे त्याची आई उभी असली की तोंडातून मॉडेल नंबर निघत नाही.

म्हणून आधी माझीच गोष्ट सांगतो.

२००१ ला पत्रकारितेचा डिप्लोमा केला आणि एका दैनिकात चिकटलो. तेव्हा ऑफिसात एकच फिल्मचा कॅमेरा. ३६ फोटोंचा रोल. त्यातले चार-पाच कायम राखून ठेवायचे, कारण संध्याकाळी कुठं आग लागली, अपघात झाला तर? रोल धुवून घ्यायचा, प्रिंट पाकिटात घालायची आणि पाकीट पुण्याच्या एसटीत कंडक्टरच्या हवाली करायचं. एसटी बंद पडली की फोटोही बंद. त्यामुळं बटण दाबायच्या आधी दहा वेळा विचार व्हायचा.

मग डिजिटल आलं. २०११ ला मी स्वतःचा पहिला डीएसएलआर घेतला, सेकंडहँड निकॉन डी९०. बायकोची भिशी लागली होती, ती सगळी गेली. आजही तो विषय निघाला की घरात दोन मिनिटं शांतता असते. डी९० हा २००८ चा कॅमेरा. व्हिडिओ घेणारा जगातला पहिला डीएसएलआर म्हणून त्याचं तेव्हा फार कौतुक होतं. १२ मेगापिक्सेल. आज १२ मेगापिक्सेल म्हटलं की पोरं हसतात.

घेतल्यावर पहिल्याच जानेवारीत गड्डा. सिद्धरामेश्वरांची यात्रा. मी एकदम रुबाबात होम मैदानावर. होमप्रदीपनाची रात्र, ज्वाळा, गर्दी, नंदीध्वज. दोनशे फोटो काढले. घरी येऊन कॉम्प्युटरला लावले तर निम्मे काळे आणि निम्मे हललेले. बायको मागे उभी. म्हणाली, "भिशीचे पैसे ना हे?"

चूक कॅमेऱ्याची नव्हती. कॅमेऱ्याबरोबर आलेली झूम लेन्स पुढं ओढली की तिचं छिद्र बारीक होत जातं, एफ ५.६ वर येतं. अंधारात तेवढ्या छिद्रातून उजेड येणार किती? पुढं मी एक छोटी, झूम न होणारी, एफ १.८ ची लेन्स घेतली. दिसायला खेळण्यासारखी. पण ५.६ च्या तुलनेत तिच्यातून जवळजवळ दहापट उजेड आत येतो. पुढच्या वर्षी तोच कॅमेरा, तीच रात्र, आणि फोटो पहिल्या पानावर. त्या दिवशी कळलं की दुकानदार आपल्याला बॉडी विकतो, फोटो लेन्स काढते.

आता दुसरी गोष्ट. ही सांगायला जरा लाज वाटते.

१५ जून २०२३. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली तो दिवस. विमानतळ हवा म्हणून चिमणी नको, असं कित्येक वर्षं चाललेलं. कुणाला विकास दिसत होता, कुणाच्या डोळ्यात पाणी होतं. मी तिथं होतो. खांद्यावरच्या बॅगेत कॅमेरा, बॅटरी भरलेली, लांबची लेन्स लावलेली. आणि हातात काय होतं? मोबाईल. कारण मी लाइव्ह होतो. लोक बघत होते, कॉमेंट पडत होत्या, बाण वर वर जात होता. उंचच्या उंच चिमणी काही सेकंदांत खाली बसली. धूळ उठली. मी "मित्रांनो, आपण पाहताय" एवढंच म्हणत राहिलो.

लाइव्ह तेव्हा जोरात चाललं. पुढं ते पेजच हातून गेलं, तो मोबाईलही बंद पडला. आता २०२५ पासून आपल्या विमानतळावरून गोव्याला विमान उडायला लागलं. त्या वेळी एकानं मला विचारलं, "सर, चिमणी पडतानाचा तुमचा चांगला फोटो द्या ना." माझ्याकडं एकही नाही. व्हॉट्सॲपवर फिरून फिरून चेपलेले दोन व्हिडिओ आहेत, तेही दुसऱ्याचे. आपल्या शहराच्या एवढ्या मोठ्या वादाचा शेवट माझ्या डोळ्यांसमोर झाला आणि पंचवीस वर्षांच्या पत्रकाराकडं त्याची नोंद नाही. कॅमेरा होता की. बॅगेत होता.

ह्या दोन गोष्टींमधून मला जे कळलं ते असं. कॅमेरा घ्यावा का, हा प्रश्नच उशिराचा आहे. त्याच्या आधीचा प्रश्न: मोबाईलनं होत नाही असं तुझं काम कोणतं? आणि ते काम समोर आलं की तू कॅमेरा बॅगेतून काढणार का? ह्याचं उत्तर असेल तर जुना डी९० सुद्धा सोन्यासारखा. नसेल तर दीड लाखाचा कॅमेराही कपाटातला दागिना.

मोबाईलनं काय होतं ते आधी प्रामाणिकपणे सांगतो, कारण कॅमेरावाले हे कबूल करत नाहीत. पत्रकार परिषद, निवेदन, रस्त्यावरचा खड्डा, टँकरपुढची घागरींची रांग, सभेतलं भाषण, हे सगळं मोबाईलनं मस्त होतं. वर दोन मिनिटांत डेस्कला पोचतं. पेपरात चार कॉलमचा फोटो म्हणजे साधारण १६ सेंटिमीटर रुंदी. न्यूजप्रिंटला इंचाला २०० पिक्सेल धरले तरी सगळा मिळून जेमतेम एक-दीड मेगापिक्सेलचा मामला आहे. तुमचा ५० मेगापिक्सेलचा मोबाईल काय आणि २४ चा कॅमेरा काय, छापून आल्यावर शाईला सगळे सारखेच. म्हणून मेगापिक्सेल बघून कॅमेरा घेणाऱ्यानं ते पैसे मुदत ठेवीत ठेवावेत.

मग डीएसएलआरमध्ये आहे काय?

एक, सेन्सर. ज्याच्यावर उजेड पडून चित्र तयार होतं ती चकती. साध्या डीएसएलआरमध्ये ती साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटरची असते. चांगल्या महागड्या मोबाईलच्या मुख्य सेन्सरच्या तुलनेत क्षेत्रफळ पाचेकपट, स्वस्त मोबाईलच्या तुलनेत दहापटीहून जास्त. पावसाचं पाणी धरायला अंगणात पातेलं ठेवलं आणि वाटी ठेवली, एवढा फरक. मोबाईल ही कमतरता हुशारीनं भरून काढतो. रात्री पटापट अनेक फोटो घेऊन ते एकात एक मिसळतो. देवळाचा कळस, शांत तळं, रोषणाई, झकास येतात. पण समोरचा माणूस हलला, नाचला, धावला की ही मिसळ फिसकटते. आणि आपल्याकडं शांत उभं राहून फोटो कोण काढून घेतं? वरात तर नाहीच.

दोन, वेळ. डीएसएलआरमध्ये आरसा आणि प्रिझम असतं. डोळा लावला की लेन्समधून येणारा खराखुरा उजेड दिसतो, स्क्रीनवरचं चित्र नाही. एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हात मोबाईलच्या स्क्रीनवर स्वतःचं तोंड सोडून काही दिसत नाही, तिथं ह्याची किंमत कळते. बटण दाबलं की त्याच क्षणी फोटो. आणि शटर आपल्या हातात. सेकंदाचा हजारावा भाग हवा तर हजारावा.

तीन, लेन्स. नान्नजला माळढोक अभयारण्यात जाऊन बघा. माळढोक आता एखादा दिसला तरी बातमी होते, पण काळवीट दिसतात. माळावर दोनशे फुटांवर उभं असलेलं काळवीट मोबाईलनं काढा. झूम केल्यावर ते काळवीट आहे की धोंडा, यावर घरात वाद होतो. तिथं लांब लेन्सला पर्याय नाही. उलट, पाठ भिंतीला टेकलेल्या छोट्या हॉलमध्ये रुंद लेन्स हवी. डीएसएलआर म्हणजे एक कॅमेरा नाही, लेन्स बदलली की दुसरा कॅमेरा.

चार, मूळ फाइल. रॉ फाइलमध्ये सेन्सरनं जे टिपलं ते जवळपास सगळं राहतं. जेपीईजी ही शिजवलेली भाजी, तिखट जास्त झालं तर झालं. रॉ म्हणजे निवडून ठेवलेली भाजी. शिवाय प्रत्येक फाइलच्या पोटात तारीख, वेळ, शटर, सगळं लिहिलेलं असतं. एकदा एका कार्यालयातून मला ऐकवलं गेलं की तुमचा फोटो जुना आहे, आता तिथं स्वच्छता आहे. मी मूळ फाइल समोर ठेवली. तारीख कालची. विषय संपला. मात्र कॅमेऱ्याचं घड्याळ नीट लावलेलं पाहिजे. निम्म्या कॅमेऱ्यांवर अजून २०१५ चालू असतं.

पाच, बॅटरी. निकॉन डी७२०० सारख्या कॅमेऱ्यात कंपनीच्या चाचणीनुसार एका बॅटरीत १,१०० च्या आसपास फोटो होतात. लग्नात सकाळच्या हळदीपासून संध्याकाळच्या पाठवणीपर्यंत ही गोष्ट लाखमोलाची. आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांना तेवढ्यात दोन-तीन बॅटऱ्या लागतात.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जे दुकानात सांगत नाहीत. डीएसएलआरचा जमाना संपत आलाय. आरसा नसलेले, म्हणजे मिररलेस कॅमेरे आलेत. कॅननच्या प्रमुखांनी २०२१ च्या अखेरीस सांगून टाकलं की त्यांचा २०२० चा सर्वांत वरचा डीएसएलआर हा त्या वर्गातला शेवटचा. असोसिएटेड प्रेस ह्या जगातल्या मोठ्या वृत्तसंस्थेनं २०२० मध्येच आपल्या फोटोग्राफरांच्या हातात सोनीचे मिररलेस द्यायचं ठरवलं. सगळे मोठे स्टुडिओ तिकडं चाललेत.

ही बातमी ऐकून काही जण म्हणतात, मग डीएसएलआर घेणं मूर्खपणा. मी उलट म्हणतो. नवा डीएसएलआर ५५ हजाराला घेणं आज चुकीचं आहे. पण मोठ्यांनी काढून टाकलेला, चांगल्या अवस्थेतला जुना डीएसएलआर घेण्यासाठी याच्यापेक्षा चांगला काळ आला नव्हता. माळावरच्या काळविटाला आणि मांडवातल्या नवरीला तुमच्या कॅमेऱ्यात आरसा आहे की नाही, काही कळत नाही.

आठ दिवसांनी मी विडी घरकुलात गेलो. अक्का उंबऱ्याजवळ उजेडाला बसून विड्या वळत होत्या. बोलताना हात थांबले नाहीत. मी म्हटलं, "अक्का, तुम्ही विचारलं पैसे फिटतील का. पेपरच्या कामातून नाही फिटणार. हे मी पेपरवाला असून सांगतोय."

आणि ते खरंच आहे. मी ज्यांच्यासाठी काम करतो त्यांचं नाव इथं घेत नाही, पण चित्र सगळीकडं तेच. जिल्ह्याच्या ठिकाणी पूर्वी फोटोग्राफर असायचा. आता बातमीदारानंच मोबाईलनं फोटो काढायचा. बाहेरच्या पोरानं फोटो पाठवला तर पैसे नाहीत, निदान नाव तरी छापा म्हटलं तर जागा नाही. "छायाचित्र" असं लिहून पुढं कुणाचंच नाव नसतं. जसं काही फोटो आपोआप उगवला.

पोराचं तोंड उतरलं. मी म्हटलं, "लग्नाच्या कामात फिटतील. पण आधी काम शिकायचं, मग कॅमेरा. हे घे." आणि माझा डी९० त्याच्या हातात दिला. दोन महिन्यांसाठी. ती छोटी एफ १.८ ची लेन्स लावून. तीन अटी घातल्या. एक, ऑटोवर ठेवायचा नाही. दोन, एका दिवसात ३६ च्या वर फोटो काढायचे नाहीत, आमच्या रोलसारखे. तीन, रविवारी मला दाखवायचे आणि प्रत्येक फोटोबद्दल सांगायचं की हा मोबाईलनं का झाला नसता.

पहिल्या रविवारी त्यानं ३६ आणले. फूल, मांजर, सूर्यास्त, मित्राचा गॉगल. मी विचारलं, "ह्यातला मोबाईलनं कुठला झाला नसता?" बराच वेळ बघून म्हणाला, "सगळे झाले असते ओ." मला वाटतं तो त्या दिवशी शिकला. पाचव्या रविवारी त्यानं यंत्रमागाच्या शेडमधला फोटो आणला. अंधारी शेड, एकच बल्ब, धोटा धावताना पुसट झालेला आणि मागावरचा माणूस मात्र स्थिर, स्पष्ट. शटर मुद्दाम हळू ठेवलेलं, कॅमेरा खांबाला टेकवलेला. मी काही बोललो नाही. चहा मागवला.

मधल्या काळात एका ओळखीच्या स्टुडिओवाल्यांकडं मदतनीस म्हणून चार लग्नं केली. तिथं त्याला कळलं की लग्नात फोटो काढणं हे निम्मं काम. उरलेलं निम्मं म्हणजे मामाला हलवणं, भटजींची वेळ सांभाळणं, दोन कार्डांवर कॉपी ठेवणं आणि जेवायला शेवटी बसणं.

डिसेंबरात कॅमेरा घेतला. सेकंडहँड डी७२००, ३५ ची एफ १.८ लेन्स, एक फ्लॅश, जास्तीची एक बॅटरी. सगळं मिळून ३४ हजार. १२ हजार त्याच्या कामाचे, २२ हजार अक्कांच्या बचत गटाचे. ५० ऐवजी ३५ ची लेन्स का? अशा छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५० ची लेन्स जरा जवळचं दाखवते, लहान मंगल कार्यालयात मागं सरकता सरकता माणूस स्वयंपाकघरात पोचतो. ३५ ची लेन्स साधारण आपल्या डोळ्याला दिसतं तेवढं घेते.

जुना घेताना आम्ही काय काय बघितलं ते लिहून ठेवतो, कुणाला उपयोग होईल. शटर किती वेळा पडलंय तो आकडा बघितला. ह्या मॉडेलचं शटर कंपनीनं दीड लाख वेळा तपासलेलं असतं, आमच्या कॅमेऱ्याचं ३८ हजार होतं. लेन्समधून मोबाईलच्या टॉर्चचा उजेड पाडून आत बुरशीचे धागे आहेत का बघितले. एफ १६ वर मोकळ्या आभाळाचा फोटो काढून मोठा करून बघितला, सेन्सरवर धूळ असेल तर काळे ठिपके दिसतात. धूळ साफ होते, ओरखडा होत नाही. कार्डाची जागा, फ्लॅशचा बूट, प्रत्येक बटण दाबून बघितलं. चार्जर मूळ आहे का बघितलं. आणि बिल मागितलं. बिल नसेल तर कितीही स्वस्त असला तरी उठून यायचं. चोरीचा माल निघाला तर बचत गटाचा हप्ता चुकत नाही.

आता गड्ड्याची गोष्ट सांगून थांबतो.

ह्या जानेवारीत भोगीच्या दिवशी आम्ही दोघं संमती कट्ट्यावर. अक्षता सोहळा. दुपारचं ऊन, सातही नंदीध्वज, आणि खाली पांढऱ्या बाराबंदीतला अथांग समुदाय. ज्यांनी इथं फोटो काढलेत त्यांना ठाऊक आहे, हा पांढरा रंग कॅमेऱ्याला फसवतो. एवढं पांढरं बघून कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार आहे, आणि तो सगळंच अंधारं करतो. बाराबंदी मळकी दिसते, उन्हात रापलेले चेहरे काळे पडतात. त्याला मी काहीच सांगितलं नव्हतं. बघतो तर पठ्ठ्यानं आधीच एक्स्पोजर थोडं वर घेतलेलं. माझी झूम लेन्स लावून, शटर सोळाशेवर ठेवून तयार उभा.

अक्षता पडल्या. हजारो हात वर. तो खटाखट सुटला. मी ह्या वेळी लाइव्ह केलं नाही. मी पण कॅमेराच काढला.

त्याचा एक फोटो असा आलाय की अक्षतांचा एकेक दाणा हवेत थांबलाय, आणि त्याच्या पलीकडं एका वयस्कर सेवेकऱ्यांचे मिटलेले डोळे. मी तो डेस्कला पाठवला. दुसऱ्या दिवशी पेपरात आला मोबाईलवरचा दुसराच फोटो. का? तो वीस मिनिटं आधी पोचला होता. डेस्कची पण चूक म्हणता येत नाही, पान लावायचं होतं.

पोरगा दोन दिवस गप्प. तिसऱ्या दिवशी मी तो फोटो आपल्या पेजवर त्याच्या नावानं टाकला. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी बघितला असेल. संध्याकाळी त्या सेवेकरी काकांच्या मुलाचा फोन आला. "वडील चाळीस वर्षं सेवेत आहेत, असा फोटो घरात एकही नाही. मोठी प्रिंट मिळेल का?" एकाच्या अकरा झाल्या, भाऊबंदांसह. मोबाईलचा फोटो एवढा मोठा केला असता तर दाण्यांचा रवा झाला असता. इथं मात्र प्रत्येक दाणा वेगळा. पोरानं व्यवस्थित पैसे घेतले, मीच घ्यायला लावले. त्यातून गटाचे दोन हप्ते गेले.

अजून बरेच हप्ते बाकी आहेत. उन्हाळ्यातली लग्नं कशी जातात त्यावर आहे सगळं. म्हणून अक्कांच्या प्रश्नाचं उत्तर मी अजून पूर्ण दिलेलं नाही. परवा भेटल्या तेव्हा त्याच म्हणाल्या, "फिटतेत वाटतं, सर. पण वेळ लागतोय." मी म्हटलं, "व्हय अक्का, वेळ लागतोय."

आता तुम्हा सगळ्यांना दोन विनंत्या.

पहिली. २०१२ ते २०१६ च्या सुमाराला आपल्याकडं डीएसएलआरची लाट आली होती. बारसं, ट्रिप, परदेशातून आलेला भाऊ, काहीतरी निमित्त झालं आणि घरोघरी कॅमेरे आले. आज ते कपाटात आहेत. पाच पावसाळे बंद बॅगेत राहिले की लेन्समध्ये बुरशी धरते, मग फुकट दिला तरी कुणी घेणार नाही. आज उठून तो बाहेर काढा. बॅटरी चार्ज करा. वापरायचा असेल तर वापरा. नसेल तर शिकणाऱ्या एखाद्या पोराला-पोरीला वाजवी किमतीत द्या, नाहीतर महिना-दोन महिने वापरायला द्या. मला कळवा, शिकणारे मी शोधून देतो.

दुसरी. कुणाचा फोटो वापरला तर खाली त्याचं नाव लिहा. पैसे देता आले तर द्या. लग्नात फोटोग्राफरला आधी जेवायला बसवा. आपल्या शहरात रोज काहीतरी पाडलं जातंय, काहीतरी बांधलं जातंय. त्याची नीट नोंद ठेवणारी पोरं टिकली पाहिजेत. चिमणीचा फोटो माझ्याकडं नाही, हे मला जन्मभर सलणार. पुढची चिमणी पडेल तेव्हा निदान ह्या पोराकडं तरी असू दे.

ता. क. : "कुठला कॅमेरा घेऊ" असं विचारायला मेसेज करू नका. "मला अमुक काम करायचंय, मोबाईलनं होत नाही" असं लिहा. उत्तर नक्की देईन.